आद्य समुद्र आणि भूकवच : खडकांतील समस्थानिकांचा पुरावा

पृथ्वीच्या पहिल्या दीडशे कोटी वर्षांत समुद्राचे पाणी कसे होते, किती तापलेले होते आणि त्यातून जमीन वर आली होती का, हे त्या काळच्या खडकांतील समस्थानिकांच्या प्रमाणावरून ताडण्याची ही अभ्यासपद्धती आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, पण आजच्या खुल्या महासागरांचा तळ साधारण १८ ते २० कोटी वर्षांपेक्षा जुना सापडत नाही. त्याहून जुना तळ प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड, तप्त थरात, परत बुडाला. जे थोडे तुकडे खंडांच्या अंगाला चिकटून वाचले, त्यांच्यावरच सगळी भिस्त आहे.

समस्थानिके म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू. ऑक्सिजन-१६ हा नेहमीचा. त्याच्यापेक्षा दोन न्यूट्रॉन जास्त असलेला ऑक्सिजन-१८ पाचशे अणूंमागे जेमतेम एक असतो. पाणी आणि खडक एकमेकांच्या सान्निध्यात राहिले की दोघे हे अणू वाटून घेतात आणि वाटणी तापमानावर ठरते. गार पाण्यात बनलेले खनिज जड अणू जास्त उचलते, तापलेल्या पाण्यात बनलेले कमी. हा फरक आजच्या समुद्राच्या सरासरी पाण्याला शून्य धरून दर हजारी मोजतात. प्रावरणातून आलेला ताजा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, या मापावर साधारण +५.७ असतो.

समुद्राच्या पाण्याचा हा आकडा कोण ठरवते? मुख्यतः भूकवच. महासागरी पर्वतरांगांच्या भेगांतून पाणी आत शिरते, तीनशे-साडेतीनशे अंशांपर्यंत तापते आणि खडकातला ऑक्सिजन-१८ घेऊन वर येते. त्यामुळे समुद्र जड होतो. उलट जमिनीवर पावसापाण्याने खडकाची माती होते, किंवा सागरतळावर गार पाण्यात बेसाल्ट कुजतो, तेव्हा तयार होणारी चिकणमातीची खनिजे जड ऑक्सिजन स्वतःकडे ओढून घेतात आणि समुद्र हलका होतो. या दोन बाजूंच्या ताळेबंदातूनच समुद्राचा आकडा निघतो. म्हणून पाण्याबद्दल विचारलेला प्रश्न शेवटी जमिनीपाशी जाऊन पोहोचतो, आणि या विषयाची खरी गोडी तिथेच आहे.

याचे उत्तम उदाहरण वायव्य ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातील पॅनोरमा परिसरात मिळते. आज तिथे झुडपांनी भरलेल्या बुटक्या टेकड्या आणि कोरडे ओढे आहेत. ३२४ कोटी वर्षांपूर्वी हा समुद्राचा तळ होता. पुढे हा सारा थर कुशीवर वळला, त्यामुळे एरवी खोल भोक पाडूनच दिसले असते ते इथे पायी चालत पाहता येते. एका टोकाला उघड्या समुद्राला लागलेला लाव्हा आणि चर्ट (सिलिकेचा गारगोटीसारखा टणक खडक), दुसऱ्या टोकाला ज्याच्या उष्णतेने पाणी खेळत राहिले तो स्ट्रेली ग्रॅनाइट, आणि मध्ये पाण्याने भाजलेला, रंग पालटलेला खडक. बेंजामिन जॉन्सन आणि बॉसवेल विंग यांनी इथल्या शंभराहून अधिक नमुन्यांचा ऑक्सिजन मोजला. कुठे किती तापमानाचे पाणी फिरले आणि खडकाने त्यातून काय घेतले याची जुळणी करून त्यांनी मूळ समुद्राचा आकडा काढला. तो निघाला सुमारे +३.३. हा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला.

आजच्या शून्याच्या तुलनेत हे पाणी चांगलेच जड आहे. त्यांचा अर्थ असा : जड ऑक्सिजन शोषून घेणारी माती तेव्हा पुरेशी बनत नव्हती, म्हणजेच पाण्यावर आलेले खंड फारच थोडे होते. बातम्यांतून ‘सगळीकडे पाणीच पाणी’ असे चित्र रंगवले गेले, पण मूळ दावा तेवढा टोकाचा नाही. छोटे भूखंड वर असू शकतात. आजच्यासारखी विस्तीर्ण जमीन नव्हती, एवढाच तो आहे.

हा आकडा जुन्या चर्टच्या कोड्याला आणखी घट्ट गाठ मारतो. आजच्या चर्टच्या तुलनेत दक्षिण आफ्रिकेतील बार्बर्टन पट्ट्यातील सुमारे ३४० कोटी वर्षांपूर्वीच्या चर्टमध्ये ऑक्सिजन-१८ बराच कमी आहे. पॉल नॉथ आणि डोनाल्ड लो यांनी यावरून समुद्र ५५ ते ८५ अंश सेल्सिअस तापलेला होता असे मांडले. पण हे गणित समुद्राचा आकडा आजच्या आसपास धरून केलेले आहे. पाणी जड होते असे मानले तर त्याच चर्टसाठी याहूनही गरम समुद्र लागतो! मग एक तर चर्ट नंतरच्या गरम पाण्याने बदलला असावा, किंवा तो मुळात तळावरच्या उष्ण झऱ्यांजवळ बनला असावा. बार्बर्टनमधल्याच फॉस्फेटच्या ऑक्सिजनवरून रूथ ब्लेक आणि सहकाऱ्यांना २०१० मध्ये २६ ते ३५ अंशांचे तापमान मिळाले, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर अंगाला जाणवेल तसे पाणी. प्रस्तुत लेखकाला उकळत्या समुद्रापेक्षा हेच चित्र अधिक पटते, कारण चर्ट जितका कमी बदललेला तितके त्याचे तापमान खाली येते.

जमिनीचा दुसरा साक्षीदार स्ट्रॉन्शियम. रुबिडियम-८७ चे रूपांतर स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये होते, आणि त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, सुमारे ४,९०० कोटी वर्षे आहे. खंडांच्या ग्रॅनाइटी खडकांत रुबिडियम भरपूर असते, प्रावरणात नगण्य. त्यामुळे नद्या खंड धुऊन समुद्रात आणू लागल्या की पाण्यातील स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर चढते. आज ते ०.७०९२ आहे. हे गुणोत्तर जपून ठेवायला बॅराइटसारखे खनिज नाही : त्यात स्ट्रॉन्शियम सहज बसते आणि रुबिडियम जवळपास नसतेच, म्हणून बनताना जे कोंडले गेले ते तसेच राहते. बार्बर्टनच्या ३२६ कोटी वर्षांपूर्वीच्या बॅराइटमध्ये प्रावरणाच्या जोडीला खंडांकडून आलेल्या स्ट्रॉन्शियमचीही खूण सापडली. झारखंड-ओडिशातील सिंहभूम भागाचा अभ्यास करून प्रियदर्शी चौधरी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की तिथले भूकवच ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वी पाण्याबाहेर आले होते. पॅनोरमाच्या निष्कर्षाशी हे थेट भांडत नाही. वाद आहे तो किती जमीन आणि किती काळ, यावर.

याहून मागे जायचे तर खडक संपतात आणि फक्त झिरकॉन या अतिशय टिकाऊ खनिजाचे कण उरतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जॅक हिल्समधील वालुकामय खडकात मिठाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून बारीक झिरकॉन आहेत. त्यांतील एकाचे वय सुमारे ४४० कोटी वर्षे ठरले आहे. झिरकॉन बनताना युरेनियम आत घेतो आणि शिसे बाहेर ठेवतो, म्हणून आत सापडणारे शिसे हे घड्याळच ठरते. प्रावरणाशी जुळणाऱ्या झिरकॉनचा ऑक्सिजन +५.३ च्या जवळपास असतो. जॅक हिल्सच्या काही कणांत तो +७ च्याही वर गेलेला दिसला. म्हणजे ज्या खडकातून हे कण जन्मले तो वितळण्याआधी गार, द्रव पाण्याशी राहिला होता. २००१ साली दोन स्वतंत्र गटांनी हे एकाच वेळी जाहीर केले, आणि सुरुवातीची पृथ्वी सदैव पेटलेली होती या समजाला तडा गेला.

भूकवच प्रावरणापासून वेगळे कधी झाले, याचा माग निओडिमियम-१४२ देतो. त्याचा जनक समॅरियम-१४६, अर्धायुष्य सुमारे १० कोटी वर्षे, पृथ्वीच्या पहिल्या पन्नासेक कोटी वर्षांतच जवळपास संपला. ग्रीनलंडच्या इसुआ पट्ट्यातील सुमारे ३७० ते ३८० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत निओडिमियम-१४२ आजच्या खडकांपेक्षा दहा लाखांत १०–१५ भागांनी जास्त आहे. समॅरियम जिवंत असतानाच थर वेगळे झाल्याशिवाय असे घडणे शक्य नाही.

या साऱ्या मोजणीत सर्वात जड काम प्रयोगशाळेच्या आधीचे : कोणता नमुना टाकून द्यायचा. तीनशे-चारशे कोटी वर्षांत खडक दाबला जातो, तापतो, त्यातून पुन्हा पाणी फिरते. म्हणून एकाच खडकातील ऑक्सिजन-१७ सुद्धा मोजतात, कारण नंतर झालेला बदल तिन्ही अणूंच्या परस्परनात्यात दिसून येतो.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणारा दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे या कामासाठी अगदीच कोवळा. जुना खडक पाहायचा तर गोव्याच्या पूर्व सीमेवर जावे लागते. अनमोड घाटातील ट्रॉन्जेमाइटी नाइसचे (ग्रॅनाइटसारख्या खडकाच्या दाबाखाली बदललेल्या, पट्टेदार रूपाचे) वय रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने ३४० कोटी वर्षे, १४ कोटी इकडे-तिकडे, असे आले आहे. गोव्यातल्या मोले गावातून बेळगावकडे चढणारी वाट ज्या खडकातून जाते, तो बार्बर्टनच्या चर्टचा समवयस्क आहे.