फळ्यांचे सरदार : नॉर्वेतल्या अधिकारी, व्यापारी आणि जमीनदारांची पार्श्वभूमी

१८१४ च्या वसंतात नॉर्वेची राज्यघटना आइड्सवोलच्या ज्या घरात लिहिली गेली, ते घर एका लोखंड कारखानदाराचं होतं. नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होतं, आणि हा गृहस्थ त्याआधी राजधानी कोपनहेगनला डॅनिश एशियाटिक कंपनीचा संचालक होता. त्याचा सख्खा भाऊ १७८८ पासून बरीच वर्षं आपल्या तमिळ किनाऱ्यावर, तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत गव्हर्नर होता, म्हणजे तंजावरच्या भोसल्यांच्या अगदी शेजारी. चुलतभाऊ घटनासभेचा पहिला अध्यक्ष झाला. ख्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या भोवतीची मोठमोठी जंगलं आणि बेरूमचा लोखंड कारखाना या चुलतभावाच्या मालकीचा. घराणं मूळचं स्वीडनमधून आलेल्या व्यापाऱ्याचं. पैसा लाकडाच्या फळ्यांतून उभा राहिला, आणि १७७८ मध्ये राजाने सरदारकीही दिली.

सरकारी हुद्दा, दर्यावरचा व्यापार आणि जमीन असं सगळं एकाच घरात. नॉर्वेजियन भाषेत या थराला 'प्लांकेआडेल' म्हणतात, म्हणजे फळ्यांचे सरदार. हा थर तयार कसा झाला ते पाहिल्याशिवाय अठराव्या शतकातल्या नॉर्वेतले तंटे कळत नाहीत. अधिकारी वेगळा, व्यापारी वेगळा आणि जमीनदार वेगळा, अशी मांडणी वाचायला सोयीची आहे. पण खेड्यातल्या कुळाला या तिघांचे चेहरे बहुतेक वेळा एकाच घरातले दिसत.

जुना भाग थोडक्यात. १५३७ मध्ये धर्मसुधारणेबरोबर नॉर्वेचं स्वतःचं सरदारमंडळ संपलं, शेवटचा आर्चबिशप नेदरलँड्सला पळाला आणि चर्चच्या जमिनी राजाकडे आल्या. देशी सरदार आधीच मोजके होते, ते आणखी कमी झाले. त्यामुळे पुढची दोन-अडीचशे वर्षं खेड्यात 'वरचा माणूस' म्हणजे खानदानी जहागीरदार नसे. कोपनहेगनहून नेमणुकीचा कागद घेऊन आलेला अधिकारी, किंवा शहरातला व्यापारी, हेच वरचे.

अधिकाऱ्यांत दोघे महत्त्वाचे. पहिला फोग्ड. सारा आणि कर वसूल करायचा, गुन्हेगार पकडायचा आणि कोर्टात सरकारतर्फे उभं राहायचं, ही तिन्ही कामं त्याच्याकडे. दुसरा सोरेनस्क्रिव्हर. याची कहाणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १५९१ च्या हुकमाने तो नेमला गेला तो केवळ लेखनिक म्हणून. निवाडा गावातले शेतकरी पंच देणार, आणि त्यांना लिहिता येत नाही म्हणून हा तो नोंदवणार. १६३४ पासून तो पंचांबरोबर निवाड्याला बसू लागला, आणि १६८७ च्या मोठ्या नॉर्वेजियन कायद्यानंतर बहुतेक खटल्यांत तो एकटाच न्यायाधीश. कुलकर्ण्याच्या दप्तरात केवढी ताकद असते हे आपल्याकडे जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. नॉर्वेत तर शंभर वर्षांत ते दप्तरच न्यायासनावर जाऊन बसलं.

दोघांचंही उत्पन्न मुख्यतः फीवर चाले. वाटणीपत्र केलं की फी, खरेदीखत नोंदवलं की फी, साक्ष घेतली की फी. हातात रोकड खेळत असे, आणि खेड्यात रोकड असलेला माणूस म्हणजे सावकारच. कराची बाकी राहिली की फोग्ड ती कर्ज म्हणून पुढे ओढी, कर्ज फिटलं नाही की जमिनीचा हिस्सा त्याच्या नावावर चढे.

१६६० मध्ये राजेशाही निरंकुश झाली तेव्हा स्वीडनबरोबरच्या लढायांनी खजिना रिकामा होता. धनकोंना द्यायला राजाकडे एकच गोष्ट उरली होती, जमीन. नॉर्वेतल्या सरकारी जमिनी धडाधड विकल्या गेल्या, नाहीतर कर्जापोटी दिल्या गेल्या. सर्वांत मोठा सौदा १६६६ चा. रोरोसच्या तांब्याच्या खाणीचा धनी राजाचा धनको होता. उत्तर नॉर्वेत हेल्गेलांडपासून ट्रोम्सपर्यंत जवळजवळ सगळी सरकारी जमीन एका व्यवहारात त्याच्या पदरात पडली. तिथल्या कोळी-शेतकऱ्यांना मालक बदलल्याचं कळलं ते खंड मागायला नवा माणूस दारात आला तेव्हा.

इथे नॉर्वेची गोष्ट डेन्मार्कपासून फुटते. डेन्मार्कमध्ये मोठ्या जहागिरी टिकल्या आणि वाढल्या. नॉर्वेत शहरी मालकांनी घेतलेल्या जमिनी पुढच्या पिढ्यांत कुळांनाच परत विकल्या. जमिनीवर मालकाने भरायचे कर वाढले होते. कूळ लावताना घ्यायच्या नजराण्याला १६८० च्या दशकात मर्यादा आली होती. आणि १६८७ च्या कायद्याने कुळाला हयातभर, त्याच्यामागे विधवेला दुसरं लग्न करेपर्यंत, जमिनीवरून काढता येत नव्हतं. खंड तर जुन्या दरानेच बांधलेला. अशी जमीन धरून ठेवण्यात व्यापाऱ्याला फायदा उरला नाही. १६६० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मालकीची जमीन किमतीच्या हिशेबाने एक पंचमांशाच्या आसपास होती. १८०० येईतो ती निम्म्याच्या पुढे गेली. स्वतंत्र नॉर्वेजियन शेतकऱ्याचं जे चित्र पुढे शाळेच्या पुस्तकांत आलं, ते या विक्रीतून उभं राहिलं आहे.

पण विकताना व्यापारी अनेकदा जंगलाचा हक्क आणि सॉ मिलची, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीची, जागा मागे ठेवत. शेत शेतकऱ्याचं, झाड आणि धबधबा व्यापाऱ्याचा. मला विचाराल तर सगळ्याचं मूळ इथे आहे, आणि म्हणूनच सॉ मिलबद्दलच्या १६८८ च्या निर्णयावर थोडं थांबायला हवं.

पाण्यावर चालणारी करवत नॉर्वेत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली. ओढ्याला उतार असेल तिथे शेतकऱ्याने चार खांब रोवले, चाक बसवलं, एक उभं पातं वरखाली नाचवलं की सॉ मिल झाली. पातं जाड असे, प्रत्येक ओंडक्यातला मोठा भाग भुसा होऊन वाहून जाई. तरी मागणी एवढी की कुणाला फिकीर नव्हती. डच जहाजं थेट फ्योर्डच्या टोकाशी येऊन शेतकऱ्याच्या दारातून फळ्या उचलत. १६६६ मध्ये लंडन जळालं आणि पुन्हा बांधायला लाकूड लागलं, तेव्हाची म्हण आजही नॉर्वेत आहे : लंडनच्या आगीत नॉर्वेवाल्यांनी हात छान शेकून घेतले.

शेकले कुणी, हा प्रश्न आहे. १६६२ च्या शहर-सनदांनी लाकडाचा व्यापार शहरातल्या नागरिक-व्यापाऱ्यांपुरता राखून ठेवला होता. त्यामुळे परदेशी जहाजाला फळी विकायची तर ती ख्रिस्तियानिया, ड्रामेनच्या काठची गावं, फ्रेडरिकस्टाड, शीन अशा ठिकाणच्या व्यापाऱ्यामार्फतच. शेतकऱ्याच्या हाती निदान कापणी उरली होती. १६८८ मध्ये तीही गेली. आधी एका आयोगाने जंगलं आणि सॉ मिलची पाहणी केली. मग राजाच्या हुकमाने दक्षिण नॉर्वेत निर्यातीसाठी कापायचा हक्क फक्त ६६४ सनदी सॉ मिलना मिळाला. प्रत्येकीला वर्षाला किती फळ्या कापायच्या त्याचा आकडा ठरवून दिला. बाकीच्या शेकडो गिरण्यांनी घरच्या आणि गावच्या गरजेपुरतंच कापायचं. बाहेर विकलं तर गुन्हा.

हुकमाचं अधिकृत कारण जंगल वाचवणं. ते खोटं म्हणता येत नाही. नद्यांच्या काठचं मोठं लाकूड तोपर्यंत खरोखर विरळ झालं होतं, आणि जहाजांसाठी, खाणींसाठी, लोखंडाच्या भट्ट्यांसाठी कोळसा आणि लाकूड लागणारच होतं. सरकारला दशांश कर मोजायचा होता, तोही शेकडो ओढ्यांवर विखुरलेल्या गिरण्यांपेक्षा ठराविक मोठ्या गिरण्यांवर मोजणं सोपं. शिवाय माल कमी निघाला की परदेशात भाव टिकेल, हा हिशेबही उघड होता. या निर्णयाची बाजू घेणारे अभ्यासक या कारणांकडे बोट दाखवतात.

पण सनदी गिरण्या कुणाच्या होत्या? काही शेतकऱ्यांच्या, हे खरं. पण मोठ्या आकड्यांच्या गिरण्या शहरी व्यापाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या. ज्या वर्गातून पाहणी करणारे आले, त्याच वर्गाच्या हाती सनदा राहिल्या. फळ्यांचा तो आकडा हळूहळू स्वतःच एक मालमत्ता झाला. गिरणीबरोबर तो वारशाने जाई, विकला जाई, गहाण पडे. आपल्याकडे परमिटच्या काळात कागदाला यंत्राहून जास्त किंमत येत असे, ते पाहिलेल्यांना हे लगेच कळेल.

आणि जंगल? सनदी गिरणीला आकडा होता, पण झाड तोडायला तेवढाच काटेकोर आळा नव्हता. ओंडके जसेच्या तसे, न कापलेले तुळईवजा लाकूड, हे सगळं जातच राहिलं. जंगलांची काळजी इतकी वाटत होती तर १७३९ मध्ये जर्मन वनाधिकारी आणून स्थापन केलेलं वनखातं १७४६ मध्ये गुंडाळलं गेलं नसतं. माझ्या मते १६८८ चा हुकूम परिणामांवरून जोखावा. त्याने झाडाचा मालक आणि फळीचा मालक यांच्यात कायद्याची भिंत उभी केली. शेतकऱ्याकडे जंगल असलं तरी त्याला ओंडकाच विकावा लागे, तोही मोजक्या गिऱ्हाइकांना, आणि भाव गिऱ्हाईक ठरवी.

हा व्यवहार प्रत्यक्ष कसा चाले ते ग्लोमा नदीच्या खोऱ्यात पाहता येतं. हिवाळ्यात झाड तोडायचं, बर्फावरून घसरत नदीकाठी आणायचं. ओंडक्याच्या तोंडावर कुऱ्हाडीने मालकाची खूण ठोकायची : एखादी फुली, दोन तिरक्या रेघा, एखादं अक्षर. बर्फ वितळलं की हजारो ओंडके एकाच पाण्यात वाहत येत. खाली आडव्या बांधलेल्या ओंडक्यांच्या साखळीपाशी माणसं त्या खुणा वाचून ज्याचे त्याला वेगळे काढत. मग ओयेरेन तळ्याजवळच्या गिरण्यांत ते कापले जात. तिथून ख्रिस्तियानियापर्यंत फळ्या नदीने जात नसत. त्या पुढच्या हिवाळ्यात घोड्यांच्या स्लेजवर लादून डोंगरावरून न्यायच्या. रूमेरिकेच्या शेतकऱ्यांचे हिवाळे त्या रस्त्यावर गेले. त्याला नावच फळ्यांचा रस्ता पडलं. फळ्या डझनांवर मोजायच्या, बंदरातल्या वखारीत उतरवायच्या, आणि मजुरी बऱ्याचदा व्यापाऱ्याच्या वहीत जमा व्हायची. त्याच वहीत आधीची उधारी मांडलेली असे : धान्य, मीठ, तंबाखू, लोखंड. दक्षिण नॉर्वेत १७३५ पासून १७८८ पर्यंत धान्यही डेन्मार्कचंच घ्यायची सक्ती होती. त्यामुळे दुष्काळी वर्षात उधारी नाकारणं शक्यच नसे. वही कधी बंद होत नसे, आणि ती बंद न होण्यातच व्यापाऱ्याचा हक्क टिकून होता.

तक्रार करायची तर कुणाकडे? फोग्ड आणि सोरेनस्क्रिव्हर कोपनहेगनला शिकलेले. १७३६ पासून न्यायाधीशाला तिथल्या विद्यापीठाची कायद्याची परीक्षा लागे, आणि नॉर्वेत १८११ पर्यंत विद्यापीठच नव्हतं. त्यांच्या लेकी व्यापाऱ्यांच्या घरी दिलेल्या, व्यापाऱ्यांची मुलं त्यांच्या हाताखाली उमेदवारी करत. सगळेच वाईट होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. कुळांची बाजू घेऊन कोपनहेगनला लिहिणारे अधिकारीही होते. पण अर्ज पुन्हा त्याच साखळीतून वर जायचा.

म्हणून लोक कधी कधी साखळी ओलांडत. १७६२ मध्ये बारा वर्षांवरच्या प्रत्येक माणसावर वर्षाला एक रिक्सडालरचा जादा कर बसला. १७६५ च्या एप्रिलमध्ये बर्गनभोवतीचे शेतकरी आणि कोळी हजारोंनी शहरात शिरले, प्रांताधिकाऱ्याला घराबाहेर ओढलं आणि भरलेला पैसा परत घेऊनच गेले. पुढे धरपकड झाली, पण १७७२ मध्ये तो कर उठला. १७८६ मध्ये दक्षिण किनाऱ्यावरचा एक शेतकरी, जो स्वतः छोटं जहाजही चालवी, थेट कोपनहेगनला युवराजाकडे गेला. त्याची तक्रार दुहेरी होती. अधिकारी ठरल्यापेक्षा जास्त फी उकळतात, आणि शहरातले व्यापारी सनदांच्या जोरावर सगळा व्यापार दाबून बसलेत. सह्या गोळा केल्या, लोक जमले. चौकशी आयोगाला बऱ्याच तक्रारींत तथ्य आढळलं, काही अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली. तक्रारदाराला मात्र १७८७ मध्ये पकडून आकर्सहुस किल्ल्यात साखळदंडात ठेवलं. तो १७९७ मध्ये तिथेच वारला. त्याच्या जन्मठेपेवर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब १७९९ मध्ये झालं, तो गेल्यावर दोन वर्षांनी.

फळ्यांच्या सरदारांची पडझड आतून झाली नाही. १८०७ पासून ब्रिटिश आरमाराने किनारा बंद केला, फळ्या वखारीत पडून राहिल्या. मग ब्रिटनने जकातीतून कॅनडाच्या लाकडाला झुकतं माप दिलं. १८१३ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या सरकारचंच दिवाळं निघालं. सुरुवातीला ज्या घराण्याचा उल्लेख केला, त्याच्या सर्वांत श्रीमंत शाखेची मालमत्ता १८१९ मध्ये दिवाळखोरीत गेली.

व्यापाऱ्यांची जागा रिकामी झाली, अधिकाऱ्यांची नाही. घटनासभेच्या ११२ जणांत अधिकाऱ्यांचा गट सगळ्यांत मोठा होता, शेतकरी ३७. पुढची अनेक दशकं देश अधिकारीच चालवत होते. १८२१ मध्ये संसदेने सरदारकी मोडीत काढली. वडिलोपार्जित शेत विकलं गेलं तरी भाऊबंदांना ते परत घेता येण्याचा जुना हक्क घटनेनेच राखला होता. त्यामुळे जमिनीचा प्रश्न शेतकऱ्यांच्या बाजूने बराचसा सुटला. सनदी गिरण्या तेवढ्या राहिल्या.

त्या उठवायचा कायदा १८५४ मध्ये झाला. त्याच वर्षी ख्रिस्तियानिया ते आइड्सवोल रेल्वे सुरू झाली, आणि फळ्यांच्या रस्त्यावरचे घोडे कमी कमी होत गेले. कायदा लागू झाला १८६० मध्ये. ज्याचं झाड त्याने ते कापून परदेशी विकावं, हा हक्क १७२ वर्षांनी परत मिळाला. तोवर फ्रेडरिकस्टाडला, ग्लोमाच्या मुखाशी, वाफेच्या सॉ मिल उभ्या राहू लागल्या होत्या. ओढ्यावरच्या एका पात्याच्या गिरणीला त्यांच्यापुढे टिकणं कठीणच होतं.