वर कोर्ट नसेल तेव्हा

१ नोव्हेंबर १९५६ म्हणजे काय, हे बेळगाव, निपाणी, खानापुरात कुणाला सांगावं लागत नाही. भाषावार राज्यं झाली, सीमाभाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि काळा दिन आपल्या कॅलेंडरात कायमचा बसला. नेमक्या त्याच दिवशी बुडापेस्टमध्ये पंतप्रधान इम्रे नॉज यांनी हंगेरी वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी करारातून, बाहेर पडून तटस्थ झाल्याचं जाहीर केलं. ४ नोव्हेंबरच्या पहाटे सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले. शेजारच्या ऑस्ट्रियाने मात्र वर्षभर आधी, २६ ऑक्टोबर १९५५ला, तटस्थतेचा कायदा केला होता आणि तिथून सोव्हिएत फौज मुकाट परत गेली होती. असं का?

राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिअरन यांनी १९९५मध्ये मुळातलाच प्रश्न विचारला: युद्धात दोघांचंही नुकसान, तर आधीच तडजोड का होत नाही? भावकीतला बांधाचा दावा घ्या. जमीन १०० रुपयांची. जिंकण्याची शक्यता एकाची ६० टक्के, दुसऱ्याची ४०. वकील, तारखा, हेलपाटे यात प्रत्येकाचे २० जाणार. म्हणजे सरासरीने पहिल्याच्या पदरात ४०, दुसऱ्याच्या २०, आणि उरलेले ४० कोर्टाच्या पायरीवर संपले. पहिल्याला ४० ते ८०च्या मधला कुठलाही वाटा देणारी तडजोड दोघांनाही परवडते. तरी ती फिसकटते. एक तर समोरच्याची खरी ताकद आणि जिद्द कळत नाही, कारण सगळेच ती फुगवून सांगतात. दुसरं, आज दिलेला शब्द तो उद्या पाळेल याची खात्री नसते. काही गोष्टी वाटूनच घेता येत नाहीत, हे तिसरं कारण फिअरन यांनी स्वतः फारसं धरलेलं नाही. बेळगाव शहरावरून वाद घालणाऱ्यांना ते पटणार नाही, हा भाग वेगळा.

खरी मेख शब्दाची. डिसेंबर २०२२मध्ये सीमावाद पुन्हा पेटला, बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, लगेच पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. एसटी बंद पडली की सीमेवरच्या कोगनोळीला उतरून, पिशव्या सावरत पलीकडची गाडी गाठायची, हे इथल्या माणसाला नवं नाही. पण १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावलं, तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरली आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कुणी एकमेकांच्या भागावर हक्क सांगायचा नाही असं ठरलं. महाराष्ट्राचा सीमेचा खटला तिथे २००४पासून पडून आहे म्हणून आपण वैतागतो, आणि ते रास्तच आहे. तरी वर कुणीतरी आहे. महासत्तांच्या वर कुणीच नाही. १९९४मध्ये युक्रेनने अण्वस्त्रं सोडली. रशिया, अमेरिका, ब्रिटनने त्याच्या सीमांचा मान राखू असं लिहून दिलं. २०१४मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. दाद मागायची कुणाकडे?

ऑस्ट्रियात जमलं, कारण तिथला सौदा नुसत्या शब्दावर उभा नव्हता. १९४५पासून तिथे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ अशा चार देशांच्या फौजा होत्या. चान्सलर युलियुस राब एप्रिल १९५५मध्ये स्वतः मॉस्कोला जाऊन बोलले. म्हणजे ज्याच्या अंगणात भांडण, तोच पुढे झाला. १५ मेला व्हिएन्नात या चौघांचा ऑस्ट्रियाशी करार झाला. पश्चिम जर्मनी त्याच महिन्यात नाटोत, म्हणजे पश्चिमेच्या लष्करी गटात, गेला होता, त्यामुळे जर्मनी आणि ऑस्ट्रिया पुन्हा एक होणार नाहीत हे कलम मॉस्कोला मोलाचं होतं. शिवाय स्वित्झर्लंड आणि तटस्थ ऑस्ट्रिया मिळून नाटोच्या जर्मनी-इटलीत पाचरच बसली. पश्चिमेला काय मिळालं? सोव्हिएत सैन्य व्हिएन्नातून गेलं. फौज आहे की गेली, हे डोळ्यांना दिसतं. फसवणूक लपत नाही. हंगेरीच्या घोषणेत मॉस्कोचा निव्वळ तोटा होता, बदल्यात काही नाही, आणि पश्चिमेची सहीही नाही.

उरला जिद्द कळण्याचा मुद्दा. १८३९च्या लंडन कराराने पाच सत्तांनी बेल्जियमच्या तटस्थतेची हमी घेतली. १८७०मध्ये फ्रान्स आणि प्रशिया भिडले, तेव्हा ब्रिटनने दोघांशी वेगवेगळे करार करून ठणकावलं: बेल्जियममध्ये जो घुसेल, त्याच्याविरुद्ध आम्ही दुसऱ्याच्या बाजूने उतरू. दोघांनीही सीमा ओलांडली नाही. १९१४मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, ब्रिटिश मंत्रिमंडळाचंच ऑगस्ट उजाडेपर्यंत एकमत नव्हतं. ब्रिटनचा निर्वाणीचा खलिता ४ ऑगस्टला बर्लिनमध्ये पोचला, तेव्हा जर्मन फौजा सकाळीच बेल्जियममध्ये शिरल्या होत्या.