रंगातला खोडकर कण, टायटॅनियम डायऑक्साइडची पार्श्वभूमी

उन्हातान्हात राहिलेल्या जुन्या पांढऱ्या पेंटवरून हात फिरवा, बोटांना पिठासारखी भुकटी लागते. आपण म्हणतो रंग हलका निघाला, पण बऱ्याचदा हा उद्योग टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो, म्हणजे ज्याच्यामुळे रंग पांढराशुभ्र दिसतो त्याचाच. उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटने त्याच्यातला इलेक्ट्रॉन उडतो आणि मागे राहिलेली रिकामी जागा शेजारच्या सेंद्रिय पदार्थाला खायला उठते, इथे तो पदार्थ म्हणजे पेंटचं रेझिन, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट भाग. १९३८ मध्येच गुडईव्ह आणि किचनर या संशोधकांनी या कणांवर डाय, म्हणजे कापडाला वगैरे देतात तसला रंग, कसा विटतो ते तपासलं होतं. पेंटवाल्यांनी कणांवर सिलिका-अॅल्युमिनाचा थर चढवला आणि आपल्यापुरता प्रश्न मिटवला.

मग १९६० च्या दशकाच्या शेवटी टोकियो विद्यापीठात केनिची होंडांच्या हाताखालच्या अकिरा फुजिशिमा नावाच्या विद्यार्थ्याने याच ऑक्साइडचा क्रिस्टल पाण्यात ठेवून त्यावर झेनॉन दिव्याचा उजेड टाकला, तर क्रिस्टलवर ऑक्सिजन आणि त्याला तारेने जोडलेल्या पलीकडच्या प्लॅटिनमवर हायड्रोजन, म्हणजे पाणीच फुटलं, आणि क्रिस्टल मात्र जसाच्या तसा, काही झिजलं नाही! १९७२ ला 'नेचर'मध्ये पेपर आला, पुढच्याच वर्षी तेलसंकट, मग काय, जो तो पाण्यातून हायड्रोजनचं इंधन काढायच्या मागे. गोम एवढीच की या ऑक्साइडला तीनेक इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटइतका जोरकस प्रकाशकण लागतो आणि सूर्यप्रकाशात अल्ट्राव्हायोलेट जेमतेम चार-पाच टक्के, बाकीचं ऊन वाया.

सफाईच्या कामाला मात्र तेवढं पुरत होतं. १९७६ मध्ये कॅनडात कॅरी आणि सहकाऱ्यांनी पाण्यातलं पीसीबी (पॉलीक्लोरिनेटेड बायफिनाइल) हे विषारी रसायन यानेच तोडून दाखवलं, १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्डनी सायनाइड. ऊर्जेच्या बाजूला १९९१ मध्ये ओरेगन आणि ग्रेट्झेलनी उजेडापासून वीज करणाऱ्या सोलर सेलमध्ये उलटाच डाव टाकला, ऑक्साइडला दिसणारा उजेड पकडता येत नाही ना, मग डायला पकडू दे आणि त्याने इलेक्ट्रॉन ऑक्साइडला द्यावा. सात टक्क्यांच्या वर कार्यक्षमता मिळाली. १९३८ मध्ये जो डाय मार खात होता तोच इथे कमावता झाला, मला तरी या सगळ्यात हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ऑक्साइडच्या थिन फिल्मवर, म्हणजे अगदी पातळ थरांवर, कित्येक वर्षं काम चाललंय, त्यात स्प्रे पायरोलिसिस फेमस. महागडा व्हॅक्यूम नको, चारशे-साडेचारशे डिग्रीला तापलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारायचा, थेंब काचेपर्यंत जाता जाता सुकतो, फुटतो आणि ऑक्साइडचा पापुद्रा बसतो. फवारा जाड झाला की काच गार पडते आणि फिल्मवर डाग, त्यामुळे मारायचं ते थांबून थांबून.