परदेशी पाहुण्याचा सत्कार करायचाय? नागपुरातल्या संस्थांचे अर्ज इथे अडकतात

दीक्षाभूमी आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर यांच्यामुळे जपान, श्रीलंका, थायलंडकडचे पाहुणे नागपूरला नवे नाहीत. एखाद्या देशाचा नेता येणार अशी कुणकुण लागली की विहार समित्या, मैत्री संघ लेटरहेड काढतात. 'आमच्या संस्थेतर्फे सत्काराची परवानगी मिळावी', प्रत जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त, पालकमंत्री. मग नुसती वाट बघणं.

अर्ज चुकीच्या दारात पडलेला असतो. सरकारी दौऱ्याचा मिनिटामिनिटाचा कार्यक्रम परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाचा दूतावास ठरवतात. राज्याचा राजशिष्टाचार विभाग आणि जिल्हा प्रशासन तो पार पाडतात, त्यात स्वतःहून सत्कार घुसवू शकत नाहीत. म्हणून पहिलं पत्र दूतावासाला किंवा वाणिज्य दूतावासाला लिहा. वरच्या तिन्ही देशांचे महावाणिज्य दूतावास मुंबईत आहेत. संस्थेचा त्या देशाशी संबंध काय, जागा कोणती, किती मिनिटं हवीत, एवढंच लिहा. संस्थेचा इतिहास नको. 'पत्र मिळाले, आभारी आहोत' असं उत्तर आलं तर तो होकार समजून बॅनर छापायला टाकू नका. स्पष्ट होकार आला की तो जोडून जिल्हाधिकारी आणि पोलिसांकडे जा.

आता कागद. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, ठरावाची प्रत सगळ्यांकडे असते. नसतो तो मंजूर चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे. कित्येक संस्थांच्या परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर, अजून आधीच्या पिढीची नावं आहेत, त्यातले काही हयातही नाहीत. मग लेटरहेडवर सही करणारे अध्यक्ष कागदोपत्री अध्यक्षच नसतात. पाहुणा येणार म्हणून हे प्रकरण आठवड्यात निकाली निघत नाही, विनंती करा की ओळख काढा. परिशिष्टाची प्रमाणित प्रत आजच मागवून बघा. ज्याचं नाव त्यात आहे त्याची सही घ्या. मानपानाचं नंतर बघता येईल.

दुसरी अडचण स्वागत करणाऱ्यांच्या यादीची. नाव आधारवर आहे तसंच हवं. गल्लीत ज्यांना सगळे 'बंडूभाऊ' म्हणतात त्यांचं आधारवरचं नाव वेगळं निघतं, आणि ऐनवेळी ते हार हातात घेऊन बॅरिकेडच्या अलीकडे उभे राहतात. पडताळणीला यादी गेली की त्यात नगरसेवकाचा भाचा घालता येत नाही. यादी छोटी ठेवा, नाही म्हणायचं ते आधीच म्हणून टाका.

तारीख सुचवायची वेळ आली तर धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि हिवाळी अधिवेशन टाळा. डिसेंबरात मोर्चांच्या बंदोबस्तात पोलिसांना श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि रवी भवन या सरकारी विश्रामगृहात खोली मागणं म्हणजे हसं करून घेणं. मंडप, अग्निशमन, वाहतूक, ध्वनिक्षेपक या परवानग्या नेहमीसारख्याच. भोंगा रात्री दहानंतर बंद.

पाहुणा खाजगी दौऱ्यावर असेल तर व्हिसा कोणता आहे ते विचारा. परिषदेत भाषणाला बोलावलंय आणि व्हिसा पर्यटनाचा, हे चालत नाही. कुणाच्या घरी मुक्काम असेल तर यजमानाने २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरायची. लोक याला सी-फॉर्म म्हणतात. हा नियम फक्त हॉटेलांना आहे, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा.

मंचावर दोन्ही देशांचे झेंडे लावताना तिरंगा मंचावर प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या हाताला, म्हणजे समोर बसलेल्यांना डावीकडे दिसला पाहिजे. दोन्ही काठ्या सारख्या उंचीच्या. मंडपवाला त्याला सुंदर दिसेल तसे लावतो, म्हणून एका माणसाला तेवढंच काम द्या. तिरंग्याने टेबल किंवा पोडियम झाकायचं नाही. मुलांच्या हातातले कागदी झेंडे कार्यक्रमानंतर गोळा करायचे.

शेवटचं, आणि सगळ्यात महागात पडणारं. खूश झालेला पाहुणा मंचावरच विहारासाठी देणगी जाहीर करतो, पाकीट पुढे करतो. एफसीआरएची, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर संस्थेला परकीय देणगी घेता येत नाही. नोंदणी असली तरी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच आला पाहिजे, रोख नाही. विहाराला भेट दिलेली बुद्धमूर्तीही यातच मोडते. एक लाखापर्यंतच्या वस्तूची सूट व्यक्तीला वैयक्तिक वापरासाठी मिळालेल्या भेटीपुरती आहे, संस्थेला नाही. टाळ्या वाजत असताना मूर्ती परत करणं कुणालाच जमत नाही. त्यामुळे दूतावासाशी पत्रव्यवहार चालू असतानाच, नोंदणी नसेल तर, 'संस्थेला भेटवस्तू व देणगी स्वीकारता येणार नाही' ही ओळ पत्रात टाका.