ईगलशॅममध्ये विणकराचं घर घेतलंय? खिडक्यांना हात लावण्याआधी

ग्लासगोजवळच्या ईगलशॅममध्ये घर घेणारी आपली मंडळी किल्ली मिळाली की आधी डबल ग्लेझिंगवाल्याला, म्हणजे दुहेरी काचेच्या खिडक्या बसवणाऱ्याला, फोन लावतात. थंडीच तशी असते म्हणा. पण हे गाव एग्लिंटनच्या दहाव्या अर्लने 1769 साली आखून वसवलेलं. मधे 'ऑरी' हे हिरवं मैदान, दोन्ही अंगांना घरांच्या रांगा; त्यांत हातमाग चालायचे. आज ते संवर्धन क्षेत्र आहे, म्हणजे जुनं रूप जपायचा भाग.

घर लिस्टेड (संरक्षित वास्तूंच्या यादीत) आहे की नुसतं संवर्धन क्षेत्रात, हे हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडच्या पोर्टलवर पाहा. लिस्टेड असेल तर कौन्सिलची 'लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट' हवी. यादीतल्या ए, बी, सी वर्गांपैकी 'सी' म्हणजे सवलत, हा गैरसमज सोडा. नोंदीत स्पष्ट वगळलं नसेल तर आतला जिना, दारं, भिंतीही त्यात येतात. विनापरवाना काम हा गुन्हा आहे.

अर्ज ऑनलाइन, फी नाही. नकाशे, फोटो, मालकीचा दाखला हे नेहमीचंच.

अर्ज अडतो तो खिडक्यांच्या स्थिती-अहवालावर. हा कागद कुणाकडेच नसतो. 'लाकूड कुजलंय' एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक खिडकीला नंबर, जवळून फोटो, दुरुस्ती का होणार नाही याचं कारण लागतं. एका ओळखीच्यांचा अर्ज यावरूनच परत आला. सुताराने सळई टोचली तर फक्त खालची पट्टी मऊ लागली, बाकी चौकट टणक! वर नव्या खिडकीच्या छेदाचं मोठ्या प्रमाणातलं रेखाचित्र मागतात. विक्रेत्याचं रंगीत माहितीपत्रक चालत नाही. ते कुठे नीट लिहून ठेवतील तर शपथ.

नकार आला तर तीन महिन्यांत अपील. इथे लोक हमखास चुकतात: साध्या बांधकाम परवानगीचा (प्लॅनिंगचा) नकार बहुधा कौन्सिलच्याच लोकल रिव्ह्यू बॉडीकडे, म्हणजे फेरतपासणी समितीकडे, जातो, पण लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटचं अपील स्कॉटिश मंत्र्यांकडे. चुकीच्या दारात बसून मुदत घालवू नका. बिल्डिंग वॉरंट, म्हणजे बांधकाम नियमांखालची मंजुरी, आणखी वेगळं.

आधीच्या मालकाने गुपचूप प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवल्या असतील तर नोटीस तुमच्या नावावर येऊ शकते, आणि तिला कालमर्यादा नाही. मिसिव्ह्ज (घरखरेदीचा करार ठरवणारी पत्रं) पक्के होण्याआधीच सॉलिसिटरला जुन्या परवानग्या मागायला सांगा.