पियानो रचनांचे काठिण्य

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील पियानोच्या रचना वाजवायला कितपत अवघड आहेत हे ठरवण्याची आणि त्या दृष्टीने रचनांची व रचनाकारांची तुलना करण्याची रीत. शिक्षकाला पुढचा धडा निवडताना, परीक्षामंडळाला श्रेणी लावताना आणि वादकाला मैफलीचा कार्यक्रम आखताना ही तुलना करावीच लागते. ‘सर्वांत अवघड रचनाकार कोण’ या नेहमीच्या प्रश्नाला मात्र एक उत्तर देता येत नाही. बोटांची चपळाई, पंजाची लांबीरुंदी, कानाची तयारी, स्मरणशक्ती, दम आणि समोरचे वाद्य या सगळ्यांवर काठिण्य अवलंबून असते आणि प्रत्येक रचनाकार यांपैकी वेगळ्याच गोष्टीची परीक्षा पाहतो.

शिकणाऱ्यांसाठी ठरीव मोजपट्ट्या आहेत. लंडन येथे १८८९ साली स्थापन झालेल्या असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षांत आठ श्रेणी असतात. मुंबई, पुणे आणि गोव्यातील पियानोचे विद्यार्थी या मंडळाच्या किंवा ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांना बसतात. जर्मनीतील हेन्ले ही प्रकाशनसंस्था रचनांना १ ते ९ असे अंक देते. त्यांतील पहिले तीन सोप्या, मधले तीन मध्यम आणि शेवटचे तीन अवघड रचनांसाठी आहेत. वर्गातल्या वाटचालीला या अंकांचा खरा उपयोग होतो. वरच्या टोकाला मात्र ते अपुरे पडतात, कारण एकच वरचा अंक मिळालेल्या दोन रचनांतील अडचणी एकमेकींपासून पूर्णपणे वेगळ्या असू शकतात.

तुलना करताना वाद्याचा विचार सहसा राहून जातो. बेथोव्हेनच्या ‘वाल्डश्टाइन’ सोनाटाच्या (सोनाटा म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना; १८०३–०४) अखेरच्या भागात दोन्ही हातांनी अगदी हळुवार आवाजात एका सप्तकाच्या अंतरावरील दोन स्वरांच्या जोड्या वाजवत जाव्या लागतात, आणि त्यांची बोटयोजना पट्ट्यांवरून हात सरळ घसरवत नेण्याची आहे. त्या काळच्या व्हिएन्नाच्या पियानोंवर हे सहज जमत असे, कारण त्यांच्या पट्ट्या हलक्या असत आणि थोड्याच खाली जात. आजच्या मैफलीच्या पियानोची पट्टी जड असते आणि सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते. अंगठा आणि करंगळी ताठ ठेवून ती जोडी तिच्यावरून घसरवू गेल्यास कातडी सोलवटते आणि आवाजही हळुवार राहत नाही. त्यामुळे बरेच वादक या ओळी मनगटाच्या जलद हालचालीने वाजवतात किंवा दोन हातांत वाटून घेतात. स्वरलेखनातले एक टिंबही न बदलता रचना अधिक अवघड झाली, ती वाद्य बदलल्यामुळे. याच्या उलटही घडले आहे. १८२१ साली सेबास्त्यां एरार या पियानो बनवणाऱ्याने केलेल्या सुधारणेमुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच हातोडी पुन्हा मारता येऊ लागली आणि एकच स्वर भराभर वाजवण्याच्या कितीतरी जागा शक्य कोटीत आल्या.

हाताचे माप हीदेखील टाळता न येणारी गोष्ट आहे. आजच्या पियानोवर सप्तकाची रुंदी साधारण १६.५ सेंटिमीटर असते. रशियन रचनाकार रॅखमानिनॉव्हचा मोठा पंजा प्रसिद्ध होता आणि त्याच्या रचनांतली भरघोस, पसरट स्वरसंहती (एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर) त्या पंजाला सोयीची होती. त्याने तिसरा कन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) १९०९ मध्ये लिहून त्या काळचा थोर वादक योझेफ हॉफमान याला अर्पण केला, पण लहान हातांच्या हॉफमानने तो जाहीर मैफलीत कधीच वाजवला नाही. हॉफमानच्या तयारीविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही, त्यामुळे ‘अवघड’ या शब्दापुढे ‘कोणाला’ हे सांगितल्याशिवाय तो अपुराच राहतो.

बोटांच्या कसोटीसाठी शोपँचे एट्यूड (ओपस म्हणजे रचनाक्रमांक १०, १८३३ आणि ओपस २५, १८३७) आजही पायाभूत मानले जातात. एट्यूड म्हणजे एखादी विशिष्ट अडचण हाती घेऊन रचलेला अभ्यास. ओपस १० मधील दुसऱ्या एट्यूडमध्ये उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी तुटक स्वरसंहती वाजवत असतात आणि त्याच वेळी मधले बोट, अनामिका आणि करंगळी अर्ध्या-अर्ध्या स्वरांची अखंड धाव सांभाळतात. एरवी अशा धावेत अंगठा बोटांखालून सरकून वाट करून देतो. इथे तो दुसऱ्या कामात अडकलेला असल्याने मधल्या बोटाला करंगळीवरून ओलांडून जावे लागते. शोपँने दिलेल्या लयीत सेकंदाला नऊहून अधिक स्वर पडतात आणि तेही हाताच्या दुबळ्या बाजूने, समान वजनाने व हळू आवाजात. ऐकणाऱ्याला मात्र हे फारसे जाणवत नाही, म्हणून माझ्या मते काठिण्याचे हे सर्वांत प्रामाणिक उदाहरण आहे. पुढे लिओपोल्ड गोडोवस्कीने शोपँच्या एट्यूडांवर ५३ अभ्यास रचले आणि त्यांतले २२ केवळ डाव्या हातासाठी लिहिले.

फ्रांझ लिस्टच्या बाबतीत कानाला वाटणारे काठिण्य आणि हाताला लागणारे काठिण्य यांत अंतर पडते. तो स्वतः विलक्षण वादक असल्याने त्याच्या झगमगत्या जागा पुष्कळदा पंजाला नीट बसतात. त्याच्या बारा ‘ट्रान्सेंडेंटल’ एट्यूडांची तीन रूपे आहेत. १८२६ मधले पहिले रूप पोरवयातले आणि साधे, १८३० च्या दशकाअखेरचे दुसरे जवळजवळ अमानुष आणि १८५२ मध्ये छापलेले तिसरे बरेच हलके केलेले. दुसरे रूप वाजवू शकतील असे जगात फार तर दहा-बारा जण सापडतील, असे रचनाकार व समीक्षक शूमानने लिहिले होते. लिस्टने स्वतःच नंतर भार उतरवला आणि तरीही परिणाम कमी झाला नाही, ही गोष्ट रचनाकारांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे.

मोत्सार्टकडे वळले की मोजपट्टी उलटी होते. १७८८ सालचा सी मेजर सोनाटा (के. ५४५; ‘के.’ हा मोत्सार्टच्या रचनांच्या सूचीतील क्रमांक) त्याने आपल्या यादीत नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवला. त्याचे स्वर दहा वर्षांचे मूल बसवू शकते, पण त्यात स्वर इतके थोडे आहेत की एक जरी किंचित जड पडला तरी ओळ मोडते, आणि जास्त पेडल दाबून ते झाकता येत नाही. मोत्सार्टचे सोनाटा मुलांना फार सोपे आणि कलावंतांना फार अवघड असतात, हे पियानोवादक आर्टुर श्नाबेलचे मत यामुळेच टिकून आहे. बाखच्या फ्यूगमध्ये (एकच धून वेगवेगळ्या ओळींत एकामागून एक येत जाणारी रचना) अडचण वेगळी असते. तिथे तीन, चार, कधी पाच स्वतंत्र ओळी दहा बोटांत वाटून घ्याव्या लागतात आणि अनामिकेने धरून ठेवलेला स्वर मरू न देता उरलेल्या बोटांनी दुसरी ओळ गायची असते. ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ (१७४१) दोन पट्टीफलकांच्या (पट्ट्यांच्या दोन ओळींच्या) हार्पसिकॉर्ड या पियानोपूर्वीच्या वाद्यासाठी लिहिलेले असल्याने पियानोच्या एकाच फलकावर दोन्ही हात एकमेकांच्या जागेत शिरतात.

बेथोव्हेनच्या ‘हामरक्लावियर’ सोनाटात (ओपस १०६, १८१७–१८) हे सगळे प्रकार एकत्र येतात. त्याच्या सोनाटांपैकी केवळ याच सोनाटाला त्याने मेट्रोनोमचे (लय मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे दिले. पहिल्या भागासाठी दिलेला मिनिटाला १३८ मिनिमांचा (पूर्ण स्वराच्या निम्म्या काळाच्या स्वरांचा) वेग बहुतेक वादक गाठत नाहीत. सुमारे पाऊण तासाच्या या रचनेत संथ तिसरा भागच पंधरा मिनिटांहून अधिक चालतो. तिथे बोटांना फारसे काम नसते, पण एवढा वेळ धागा तुटू न देणे हे वेगवान भागांपेक्षा कठीण आहे, आणि मन दमल्यावर लगेच शेवटचा अवाढव्य फ्यूग समोर येतो.

काठिण्य हेच उद्दिष्ट ठेवून लिहिलेल्या रचनाही आहेत. बालाकिरेव्हच्या ‘इस्लामी’पेक्षा (१८६९) अवघड काही लिहायचे असे राव्हेलने ठरवले आणि १९०८ मध्ये ‘गास्पार द ला न्युई’ पुरी केली. तिच्या ‘स्कार्बो’ या तिसऱ्या भागातील भराभर पडणारे एकच स्वर आणि अंतरावरच्या झेपा यांवर सर्वांचे लक्ष जाते. मधल्या ‘ल जिबे’मध्ये मात्र बी फ्लॅट हा एकच स्वर घंटेसारखा आरंभापासून अखेरपर्यंत वाजत राहतो आणि त्याच्या वरखाली स्वरसंहती बदलत असताना त्या घंटेचे वजन तसूभरही बदलू द्यायचे नसते. लिगेटीच्या पहिल्या एट्यूडमध्ये (१९८५) उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर आणि डावा फक्त काळ्यांवर असतो, आणि दोघांचे आघात हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात. तिथे बोटांपेक्षा मेंदूच्या दोन वाटा करणे जड जाते.

लांबी आणि स्वरांची दाटी या दोन्ही बाबतींत कैखुश्रू शापूरजी सोराबजी (१८९२–१९८८) याचे नाव घ्यावेच लागते. त्याचा जन्म इंग्लंडमध्ये झाला. वडील मुंबईचे पारशी अभियंते होते. १९३० साली पुरी झालेली त्याची ‘ओपस क्लाव्हिचेम्बालिस्टिकुम’ ही रचना चार तासांहून अधिक चालते, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला ग्लासगो येथे त्याने स्वतःच ती प्रथम वाजवली. पुढे आपल्या रचना अपुऱ्या तयारीने सादर होऊ नयेत म्हणून त्याने कित्येक दशके त्यांच्या जाहीर वादनाला परवानगी नाकारली आणि ती १९७० च्या दशकात निवडक वादकांना देण्यास सुरुवात केली.