काँपोझिट होमबिल्ट विमाने: साच्याशिवाय आणि साच्यातून

स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधण्याचा छंद अमेरिकेत जुना असला, तरी 1970 पर्यंत अशी ‘होमबिल्ट’ विमाने मुख्यतः लाकूड, कापड, पोलादी नळ्या आणि अॅल्युमिनियमची असत. पंखावरून हवेचा पातळ थर न विस्कटता वाहावा यासाठी पृष्ठभाग अगदी गुळगुळीत लागतो. रिव्हेट आणि पत्र्यांचे जोड असलेल्या पंखाला ते साधणे अवघड होते. यावर उत्तर आधी ग्लायडरवाल्यांना सापडले. स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांचा ‘एफएस 24 फिनिक्स’ हा फायबरग्लासचा, म्हणजे काचतंतू आणि रेझिन मिळून बनलेल्या ‘काँपोझिट’चा, ग्लायडर 1957 मध्ये उडाला. मात्र अशा बांधणीला महागडे साचे लागत, आणि एकच विमान बांधणाऱ्या माणसाला तो खर्च झेपण्यासारखा नव्हता.

अमेरिकी विमान-रचनाकार बर्ट रुटान यांनी साचाच काढून टाकला. तापलेल्या तारेने फोमचा ठोकळा पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये भिजवलेले काचतंतूंचे कापड चढवायचे आणि ते वाळल्यावर घासत बसायचे, अशी त्यांची पद्धत होती. (हे घासणे किती चालते, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक!) 1975 मध्ये उडालेले ‘व्हॅरीईझी’ आणि 1979 चे ‘लाँग-ईझी’ याच रीतीने घडले. रुटान मुख्यतः आराखडे विकत. बांधण्याचे बहुतेक सारे कष्ट ग्राहकाचे.

पुढचे वळण नेमके या कष्टांतूनच आले. टॉम हॅमिल्टन यांच्या ‘ग्लासएअर’ने 1980 च्या सुमारास कारखान्यातल्या साच्यांतून काढलेले तयार भाग किटमध्ये द्यायला सुरुवात केली, म्हणजे रुटान यांनी टाळलेला साचा परतला, पण त्याचा खर्च आता अनेक ग्राहकांत विभागला जाऊ लागला. 1984 मध्ये लान्स निबाउअर यांचे पहिले ‘लँसेअर’ उडाले आणि 1990 च्या दशकातील चार आसनी ‘लँसेअर 4’ ताशी 480 किलोमीटरहून अधिक वेगाने प्रवास करू लागले. मात्र निम्म्याहून अधिक काम हौशी बांधणाऱ्याने केले तरच विमान होमबिल्टच्या वर्गात बसते, असा अमेरिकी नियम असल्याने किट किती तयार द्यायचे यालाही मर्यादा राहिली.

या वेगाचे श्रेय एकट्या काँपोझिटला देणे मला पटत नाही. सरकारी प्रमाणपत्र मिळवून विकल्या जाणाऱ्या एक-इंजिनी विमानांसाठी स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला तोलून धरू शकत नाही) साधारणपणे 61 नॉटच्या (ताशी सुमारे 113 किलोमीटर) आत ठेवण्याची अट होती. होमबिल्टना ती नव्हती. त्यामुळे पंख लहान ठेवता आला, हवेचा अवरोध घटला, पण उतरतानाचा वेग वाढला आणि अननुभवी वैमानिकाच्या चुकीला वाव कमी उरला. ‘व्हीके-30’ या किटपासून आरंभ केलेल्या सिरसचे ‘एसआर20’ आणि निबाउअर यांचे ‘कोलंबिया 300’ यांना 1998 मध्ये प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा दोन्ही विमाने काँपोझिटचीच होती. परंतु त्यांची चाके आत ओढून घेता येत नव्हती आणि स्टॉलचा वेग त्या अटीत बसवलेला होता.